चूक काढणाऱ्याची बाजू

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेच्या दिवशी चिखलीला, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, भाचीला पाहावयास मंडळी आली होती. मंडळी सुशिक्षित आणि बोलायला गोड. चहा झाला, हवापाण्याची चौकशी झाली, सोयाबीनच्या भावाबद्दल सर्वांनी मिळून हळहळ व्यक्त केली आणि मग मुलाच्या काकांनी, परिचयपत्रात ठळक लिहिलेले असूनही विचारावयाचाच असतो, तो प्रश्न विचारला. "मुलगी काय करते?"

भाची म्हणाली, "पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. टेस्टर आहे."

"म्हणजे प्रोग्राम लिहितेस?"

"नाही काका. दुसऱ्यांनी लिहिलेले तपासते."

"म्हणजे चुका काढतेस!" काका मोठ्याने हसले आणि मुलाच्या आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, सांभाळा बरं! भाजीतल्या मिठापासून सुरुवात होईल."

सारी बैठक हसली. मुलगा हसला, माझे मेहुणे हसले, आणि सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. भाची तेवढी हसली नाही. रिकामे कप गोळा करून ती आत निघून गेली.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात डोकावलो. बहीण चकलीच्या तयारीला लागली होती. भाजणीचे पीठ मळून तयार, तेल तापलेले, सोऱ्या भरलेला. पण तिने घाणा टाकला नाही. एकच चकली तेलात सोडली आणि तिच्याकडे डोळे लावून उभी राहिली. चकली तेलात विरू लागली, तशी ती म्हणाली, "मोहन जास्त पडलंय." तिने पिठात मूठभर कोरडी भाजणी मिसळली, पुन्हा मळले, पुन्हा एक चकली सोडली, मोडून पाहिली, चाखली, आणि मगच घाणा टाकला. तिला कोणी हसले नाही. उलट तिच्या चकल्यांची कीर्ती चिखलीपासून मेहकरपर्यंत आहे, ती त्या पहिल्या वाया गेलेल्या चकलीमुळेच आहे.

माय चकलीपुरते जे करते तेच लेक कंपनीत करते. आईला सुगरण म्हणावयाचे आणि लेकीला खोडकाढू, हा कोठला न्याय? हा लेख त्या दिवशीच्या माझ्या हसण्याचे प्रायश्चित्त आहे. आणि प्रायश्चित्त घ्यावयाचे तर एकट्याने का घ्यावे? त्या बैठकीत हसणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांनाही सोबत घेतो.

आमच्या समाजाला करणाऱ्याचे कौतुक आहे, तपासणाऱ्याचे नाही. पूल बांधणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येते, पुलाचे काँक्रीट फोडून पाहणाऱ्याचे येत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपण इंजिनिअर म्हणतो, तपासणाऱ्याबद्दल मात्र 'लिहिणे जमले नाही म्हणून तपासण्यात गेला' असे म्हणतो. लग्नाच्या बाजारात त्याचा भाव कमी, कंपनीत त्याचा पगार बहुधा कमी, आणि खर्च कमी करण्याची वेळ आली म्हणजे पहिली कुऱ्हाड पुष्कळदा त्याच्यावर. हे सारे अज्ञानापोटी होते, म्हणून आधी हे काम काय आहे ते सांगणे भाग आहे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती परीक्षा खरी आहे, कारण पातेल्यातली सारी शिते एकाच पाण्यात, एकाच जाळावर शिजलेली असतात. एक शिजले म्हणजे सारी शिजली. प्रोग्रामचे तसे नाही. तेथे प्रत्येक शीत वेगळ्या चुलीवर शिजते. दहा हजार रुपयांचा हिशेब बरोबर आला म्हणून शून्य रुपयांचा बरोबर येईलच असे नाही. २८ फेब्रुवारीला चाललेले काम २९ फेब्रुवारीला अडू शकते. देशपांडे आडनाव नीट घेणारा अर्ज, ज्याला आडनावच नाही अशा माणसापुढे तोंड मिटून बसतो. डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारासच बजावून ठेवले आहे की, तपासणीने चूक आहे एवढे दाखविता येते, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही. मग टेस्टरने काय करावयाचे? ग्लेनफर्ड मायर्स याने १९७९ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले, त्यात त्याने साऱ्या शास्त्राची कूस बदलून टाकली. त्याचे म्हणणे असे की, प्रोग्राम बरोबर आहे हे दाखवावयास निघालात तर तो बरोबरच दिसेल. तो चुकीचा आहे असे धरून, चूक सापडवण्याच्या हेतूनेच त्याच्याकडे गेले पाहिजे. ज्या तपासणीत चूक सापडली ती तपासणी यशस्वी!

म्हणजे टेस्टरला 'चुका काढतो' असे म्हणणे ही शिवी नव्हेच. वैद्याला 'रोग ओळखतो' असे म्हणून हिणवावे, तशातला हा प्रकार.

आता हे पुण्या-मुंबईचे काम, त्याच्याशी आमच्या बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्या सद्गृहस्थांना मी माझ्या ओट्यावर बसावयास बोलावतो.

मी उभा जन्म या जिल्ह्यातल्या शाळांत गणित शिकवले. पहिलीत पोर घालायला बाप येई. जन्मतारीख विचारली तर म्हणे, "पोळ्याच्या मागंपुढं झालं असंन." मग आम्ही गुरुजी मंडळी काय करीत होतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक खेड्याला ठाऊक आहे. १ जून किंवा १ जुलै अशी तारीख रजिस्टरात लिहून मोकळे होत होतो. मीही ती लिहिली आहे. त्या वेळी मनात एवढेच होते की, पोराचे वय शाळेत बसण्याइतके दिसावे. आज ती पोरे म्हातारी झाली आहेत. एकाच गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची, एकाच जन्मतारखेची तीन-तीन माणसे आहेत, आणि संगणकाला वाटते की हा एकच इसम तीनदा अनुदान लाटू पाहतो आहे. मी रजिस्टरात केलेली चूक आज माझ्याच विद्यार्थ्याच्या ताटात पडते आहे.

आणखी ऐका. सातबाऱ्यावर नाव मराठीत 'रामभाऊ', आधारपत्रावर इंग्रजी अक्षरांत 'रामराव', बँकेच्या पुस्तकात नुसते 'राम'. आम्हां सगळ्यांना हा एकच माणूस आहे हे त्याच्या चालीवरून दुरून कळते. संगणकाला कळत नाही, आणि कळावे अशी त्याची तयारी कोणी करून घेतलेली नसते. मागे एकदा एक कापूस वेचणारी म्हातारी माझ्याकडे आली. रेशनच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतली होती. म्हणाली, "गुरुजी, थे मशीन म्हन्ते माह्या बोटाईवर रेघाच नाई." तिची बोटे मी पाहिली. खरेच नव्हत्या. साठ वर्षे बोंडांची टोके, भांड्यांची राख आणि सरपण यांनी त्या पुसून टाकल्या होत्या. जिने सर्वांत जास्त कष्ट केले तिच्याच बोटांची ओळख यंत्राला पटली नाही.

ही हकीकत मी भाचीला सांगितली, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मामा, हा प्रश्न यंत्र बनवतानाच कोणीतरी विचारायला हवा होता. ज्याच्या बोटावर रेघाच नाहीत त्याने काय करायचं? हाच माझा धंदा. असे प्रश्न विचारायचे."

आता कळले का, हा धंदा कोणाच्या बाजूचा आहे? करणारा हा यंत्राच्या बाजूने विचार करतो. त्यात दोष नाही, त्याने तसाच विचार केला पाहिजे. टेस्टर हा पहिला माणूस, जो त्या म्हातारीच्या जागी उभा राहून यंत्राकडे पाहतो. तो तिचा वकील आहे. खटला उभा राहण्याच्या आधीच तिची बाजू मांडणारा, फी न घेणारा वकील!

आणि हा वकील दूर सारला म्हणजे काय होते, ते आपण दिवाळीतच पाहिले आहे. २०१७ च्या जूनमध्ये राज्य सरकारने ३४ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले. अर्ज ऑनलाइन भरावयाचे ठरले. आमच्या जिल्ह्यातले शेतकरी पेरणी-डवरणी सोडून केंद्रांपुढे रांगा लावून बसले, बायकोला सोबत घेऊन, अंगठे देत, सर्व्हर चालू होण्याची वाट पाहत. हेतू असा की दिवाळी गोड व्हावी. १८ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटण्यास प्रारंभ झाला. आणि त्यानंतर याद्या उघडून पाहतात तो काय, एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे, एकच बँक खाते कित्येकांच्या नावावर. याद्या थांबवाव्या लागल्या. दिवाळी निघून गेली, तुळशीचे लग्न निघून गेले, शेतकरी बँकेच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला.

मी येथे राजकारण बोलत नाही. कोणाचे सरकार होते आणि कोणाचे असते तर काय झाले असते, हा वाद फटाक्यांबरोबर उडवून द्यावा. बँकांनी पाठविलेली माहिती अशुद्ध होती, अर्जांतली माहिती अपुरी होती, हेही खरे धरा. माझा प्रश्न साधा आहे. एका आधार क्रमांकापुढे एकच नाव आहे ना, हा प्रश्न प्रमाणपत्रे वाटण्याच्या आधी विचारावयाचा असतो की नंतर? असा प्रश्न विचारणारा कोणी त्या घाईत असेलच, तर त्याला काय उत्तर मिळाले असेल, हे सरकारी खात्यांची चाल माहीत असलेल्या कोणालाही ताडता येईल. 'मुहूर्त ठरला आहे!'

मुहूर्ताने आपला घात केला आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गुढीपाडवा, दसरा. योजना तयार असो वा नसो, तारीख तयार असते. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचे, पिकांचे भाकीत सांगतात. वर्तमानपत्रांत ते छापून येते, लोक ऐकतात, आपापल्या श्रद्धेने घरी जातात. श्रद्धेबद्दल मी काही म्हणत नाही. पण वर्ष सरल्यावर कोणते भाकीत खरे ठरले आणि कोणते खोटे, हे वहीत मांडून बसणारे किती? भाकीत ऐकण्याची आपल्याला हौस आहे, ते ताडून पाहण्याचा कंटाळा आहे. भेंडवळपुरती ही सवय राहिली असती तर बिघडले नसते. ती मंत्रालयात आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांतही गेली आहे.

शिकलेल्यांनीही फार नाक वर करू नये. त्याच २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम लागू केली. निकाल महिनोन् महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. ज्या विद्यापीठात परीक्षा घेण्याचे काम दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले, त्याला आपल्याच नव्या पद्धतीची परीक्षा आधी घेण्याचे सुचू नये, याला काय म्हणावे?

यापेक्षा भयंकर प्रकार विलायतेत झाला. तेथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकी हिशेबपद्धत बसविली. ती गावोगावच्या पोस्टचालकांच्या खात्यांत नसलेली तूट दाखवू लागली. पोस्टचालक सांगत होते की आम्ही पैसे घेतले नाहीत. खाते म्हणत होते, यंत्र चुकत नाही. न्यायालयेही यंत्र बरोबरच चालले आहे असे गृहीत धरीत होती. पुढच्या सोळा वर्षांत ९०० हून अधिक माणसे चोर ठरली. कित्येकांना तुरुंग भोगावा लागला, कित्येकांचे घरदार गेले. त्यांत हिंदुस्थानी वंशाची माणसेही पुष्कळ होती. २०१९ साली न्यायालयाने सांगितले की दोष यंत्रणेत होता, आणि २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. पुसलेल्या शिक्षेने गेलेली वर्षे परत येत नाहीत.

आमच्या तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणतो, "सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय, मी काय करू?" हे वाक्य ऐकले की मला त्या पोस्टचालकांची आठवण होते. पूर्वी माणूस म्हणे, नशिबात तसेच होते. आता नशिबाच्या जागी सिस्टीम आली आहे. फरक एवढाच की, नशीब कोणी लिहिले ते ठाऊक नसते. सिस्टीम मात्र माणसाने लिहिलेली असते आणि दुसऱ्या माणसाला ती तपासता येते.

आता विरोधकांच्या शंका घेतो.

पहिली शंका, "पूर्वी चालले होते, आताही चालेल." याला उत्तर आकाशात मिळाले. ४ जून १९९६ रोजी युरोपीय देशांचे 'एरियान ५' हे नवे रॉकेट प्रथमच उडाले आणि चाळीस सेकंदांच्या आत भरकटून फुटले. जुन्या 'एरियान ४' मधला प्रोग्रामचा एक भाग तसाच उचलून नव्यात घातला होता. जुन्यात तो उत्तम चालला होता. नव्याचा वेग जास्त, त्यामुळे एक आकडा इतका मोठा झाला की त्याला नेमून दिलेल्या जागेत तो मावेना. नव्या रॉकेटच्या मार्गावर तो भाग चालवून पाहावा, असे त्या विद्वानांना वाटले नाही. थोरल्याचा अंगरखा धाकट्याला घातला, पण धाकटा थोरल्याहून धिप्पाड निघाला!

दुसरी शंका, "आता यंत्रच यंत्राची तपासणी करील. टेस्टर कशाला?" १९ जुलै २०२४ ला एका अमेरिकी सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या कंपनीकडे फाइल तपासणारे यंत्र नव्हते काय? होते. त्या तपासणाऱ्या यंत्रातच चूक होती, म्हणून त्याने फाइल पास केली. सांगितलेला प्रश्न यंत्र हजारदा विचारील, न थकता विचारील, आणि ते काम त्याला अवश्य द्यावे. पण म्हातारीच्या बोटांवर रेघा नाहीत, हा प्रश्न त्याला कोणी सांगावयाचा? आता तर यंत्रेच प्रोग्राम लिहू लागली आहेत. लिहिणारा जितका वेगवान, तितका वाचणारा सावध हवा. टेस्टरची गरज संपली असे म्हणणारा मनुष्य, ट्रॅक्टर आला म्हणून बांधाची गरज संपली असे म्हणत आहे.

तिसरी शंका काकांची, "चुका काढणारा माणूस स्वभावानेच वाईट." हिचे उत्तर मात्र मला सविस्तर द्यावयाचे आहे, कारण हा प्रश्न माझ्या भाचीच्या स्वभावाचा आहे.

चांगल्या टेस्टरच्या अंगी काय लागते? पहिली गोष्ट म्हणजे पाहून समाधान न मानण्याची सवय. आमचे लोणार घ्या. पावणेदोन किलोमीटरहून मोठे ते विवर हजारो वर्षे सगळ्यांनी पाहिले. भोवती ज्वालामुखीचाच काळा दगड, तेव्हा हे ज्वालामुखीचेच तोंड, असे कित्येक जाणत्यांनी मानले. दिसत होते तसेच, पण ते तसे नव्हते. पुढे सरोवराच्या तळाशी भोके पाडून खडक वर काढले गेले, आणि प्रचंड आघाताशिवाय जी काच तयार होत नाही ती त्यांत सापडली. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी १९७३ साली ते जगापुढे मांडले आणि हे उल्कापाताने झालेले विवर आहे हे पक्के झाले. २०२० च्या जूनमध्ये त्याच सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावोगाव तर्कांचे पीक आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तर्क केला नाही. पाणी नेले, तपासले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग आहे असे सांगितले. दोन्ही वेळी डोळे सर्वांना होते. तपासण्याची सवय थोड्यांना होती.

दुसरा गुण म्हणजे द्वेषाशिवाय शंका घेणे. भाची मला एकदा तिचा अहवाल कसा असतो ते सांगत होती. काय केले, त्यावर काय व्हावयास हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, आणि पुन्हा करून पाहिले तेव्हाही तेच झाले की नाही. बस्स. कोणी चूक केली हे त्यात नसते. मी उभ्या आयुष्यात वह्या तपासल्या. लाल शाईने 'मूर्खा' असे लिहिल्याचे मला आठवते, आणि ती शाई आज मलाच बोचते. या पोरीच्या अहवालातली भाषा आमच्या गुरुजींच्या लाल शाईपेक्षा सभ्य आहे. घराघरांतली भांडणे या पद्धतीने झाली, म्हणजे 'तू नेहमीच असा' हे न म्हणता 'काल असे झाले, असे व्हायला हवे होते' एवढेच म्हटले, तर अर्धे संसार सुखाचे होतील. काका, अशी सून मिळण्यास भाग्य लागते!

तिसरा आणि सर्वांत महाग गुण म्हणजे 'नाही' म्हणण्याचे धैर्य. सारी कचेरी समारंभाच्या तयारीत आहे, साहेबांनी गिऱ्हाइकाला शब्द दिला आहे, आणि पंचवीस वर्षांची एक मुलगी उठून म्हणते, "हे अजून तयार नाही." त्या क्षणी तिला कोण मान देतो? येथे मला आमच्या खामगावच्या कापूसबाजाराची आठवण होते. या बाजारासाठी १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला. चिमूटभर कापूस चिमटीत धरून, धागा ओढून त्याची लांबी सांगणारी माणसे तेथे पिढ्यान् पिढ्या होती. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हा ग्रेडरच्या एका शब्दावर शेतकऱ्याचा वर्षाचा भाव ठरू लागला. तपासणाऱ्याच्या शब्दाला किती वजन असते आणि तो शब्द दबावाखाली आला तर कोण मरतो, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. टेस्टर ज्या कंपनीचे मीठ खातो तिच्याच मालाला त्याला 'नाही' म्हणावे लागते. म्हणून त्याला मान हवा, आणि मानाबरोबर अधिकार हवा.

टेस्टरांची बाजू घेतो म्हणून त्यांचे दोष झाकणार नाही. ठरलेल्या यादीवर डोळे मिटून खुणा करणारे आणि संध्याकाळी 'सर्व ठीक' लिहून घरी जाणारे टेस्टर आहेत. वर्गाची फी भरून मिळविलेला दाखला भिंतीवर लावणारे आणि शंका घेण्याची शक्ती घालवून बसलेलेही आहेत. यादी संपली म्हणजे तपासणी संपली असे ज्याला वाटते, त्याने पहिली चकली न मोडताच घाणा टाकला असे समजावे. त्यांच्यामुळेच काकांसारख्यांना हसावयास सापडते.

तरी पण दोष आपलाही आहे, आणि तो मोठा आहे. म्हणून मागणे करतो ते दोघांपाशी. सरकारपाशी मागणे असे की, गरिबाच्या ताटाशी, सातबाऱ्याशी, पेन्शनशी संबंध असलेली कोणतीही संगणकी योजना सुरू करण्याआधी ती एखाद्या खऱ्या खेड्यात, खऱ्या म्हाताऱ्यांच्या खऱ्या बोटांवर, रेंज नसलेल्या शिवारात तपासून पाहावी. काय काय चुकले ते जाहीर करावे, आणि तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय कोणत्याही मंत्र्याने फीत कापू नये. पुण्याच्या थंड खोलीत चाललेले यंत्र सिंदखेडराजाच्या उन्हात चालेलच असे नाही. तेथे संग्रामपूर-मोताळ्याची पोरे टेस्टर म्हणून नेमा. १ जूनला जन्मलेल्या आजोबांची गोष्ट त्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

आणि घराघरांतल्या काकांपाशी मागणे असे की, मुलगा काय बनवतो हे विचारता, तसे मुलगी काय वाचवते हेही विचारा. चूक वेळेवर सापडली म्हणजे काहीच घडत नाही. रांग लागत नाही, यादी थांबत नाही, कोणी चोर ठरत नाही, वर्तमानपत्रात काही छापून येत नाही. न घडलेल्या अनर्थाचा सत्कार करण्याची रीत आपल्यात नाही. म्हणून ज्याचे काम सर्वांत चांगले झाले त्याचे नाव कोणाला कळत नाही.

ते स्थळ पुढे गेले नाही. निरोप त्यांच्याकडून येण्याआधीच भाचीने तिचा नकार कळविला. बहीण जरा रागावली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आई, पहिलीच चकली तेलात विरली. घाणा कशाला टाकायचा?"

या वेळी मात्र मी हसलो, आणि त्या हसण्याचे प्रायश्चित्त घेण्याची गरज मला वाटत नाही.